वाचक विचारतात : दुर्बिणीचा डेटा आपल्या कॉम्प्युटरवर

मागच्या महिन्यात याच पानावर एक ओळ लिहिली होती, की हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींचा मूळ डेटा कुणालाही फुकट डाउनलोड करता येतो. त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की यावेळचं सगळं पान त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नांदेडला. गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब, पिलर्स ऑफ क्रिएशन, त्यांचा मूळ डेटा घेऊन स्वतः रंगीत फोटो बनवायचाय. मास्ट पोर्टलवर एम१६ (गरुड तेजोमेघाचं दुसरं नाव) टाकलं तर एवढी मोठी यादी आली की कशावर क्लिक करू तेच कळेना. नेमकी कोणती फाइल घ्यायची?

यादी बघून घाबरू नकोस. मास्ट हे अमेरिकेत बाल्टिमोरला असलेल्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचं कोठार आहे, २०१२ मध्ये त्याला बार्बरा मिकुल्स्की या सिनेटरबाईंचं नाव दिलं. हबल, वेब, केप्लर, टेस असा बऱ्याच मोहिमांचा डेटा तिथे एकत्र ठेवलाय, त्यामुळे तू एम१६ टाकलंस की आकाशातल्या त्या जागेकडे आजवर ज्या ज्या दुर्बिणीने ज्या ज्या कारणासाठी पाहिलं ते सगळं पुढ्यात येतं, कुणी एकाच ताऱ्याचा वर्णपट घेतलेला असतो, कुणाचं टार्गेट शेजारीच काहीतरी वेगळं असतं. तुला त्यातलं अगदी थोडं हवंय.

डाव्या बाजूला फिल्टरची पट्टी दिसते ना, सगळी किल्ली तिथे आहे. आधी मिशनमध्ये फक्त एचएसटी ठेव, एचएसटी म्हणजे हबल. मग इन्स्ट्रुमेंटमध्ये डब्ल्यूएफसी३ यूव्हीआयएस हा कॅमेरा निवड. खांबांचा पहिला गाजलेला फोटो १९९५ चा, तो डब्ल्यूएफपीसी२ या जुन्या कॅमेऱ्याचा होता आणि त्याची चौकट पायऱ्यांसारखी कापलेली दिसते, म्हणून सुरुवात २०१४ च्या डेटाने कर, तो जास्त बारीक आणि जास्त रुंद आहे. त्यानंतर तीन फिल्टर शोध : एफ५०२एन, एफ६५७एन आणि एफ६७३एन. नावातले आकडे म्हणजे तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, आणि शेवटचं एन म्हणजे अरुंद पट्टा. पहिला ऑक्सिजनचा प्रकाश पकडतो, दुसरा हायड्रोजनचा (आणि त्याला चिकटून असलेल्या नायट्रोजनचा), तिसरा गंधकाचा. उजवीकडे आकाशाचा नकाशा असतो, त्यात प्रत्येक फोटोची चौकट आखून दाखवतात, ती खांबांवर येतेय की बाजूला ते बघूनच टिक कर, यात दोन मिनिटं गेली तरी पुढचे दोन तास वाचतात.

आता फाइल. टिक केलेल्या ओळी डाउनलोड बास्केटमध्ये टाकल्यास की प्रत्येक ओळीच्या पोटातून ढीगभर फायली निघतात आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. हबलच्या फाइलचं नाव नऊ अक्षरांचं असतं, पहिलं अक्षर कॅमेरा सांगतं, आय असेल तर डब्ल्यूएफसी३, जे असेल तर एसीएस, यू असेल तर डब्ल्यूएफपीसी२. त्यानंतर अंडरस्कोर आणि तीन अक्षरांचं शेपूट, ते सगळ्यात महत्त्वाचं. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून जसं आलं तसं. एफएलटी म्हणजे कॅमेऱ्याचे मूळ दोष काढून साफ केलेलं एकेकटं एक्स्पोजर. एफएलसी म्हणजे त्याच्यावर आणखी एक सुधारणा, अवकाशातल्या किरणोत्साराने चिप वर्षानुवर्षं खराब होत जाते आणि तेजस्वी ठिपक्यांमागे प्रकाशाची शेपटी ओढली जाते, ती दुरुस्त केलेली. आणि डीआरझेड किंवा डीआरसी म्हणजे अनेक एक्स्पोजर एकमेकांवर नीट बसवून, कॅमेऱ्यामुळे आलेला वाकडेपणा काढून, बहुतेक कचरा गाळून केलेली एकच फाइल. तुला डीआरसी हवी, तीन फिल्टरच्या तीन, बस्स. बास्केटमध्ये 'मिनिमम रेकमेंडेड प्रॉडक्ट्स' असा पर्याय असतो, तो चालू ठेवलास की नको ते आपोआप गळतं.

एकच अडचण येईल. खांब एका चौकटीत पूर्ण मावत नाहीत, दुर्बीण थोडी थोडी सरकवून शेजारशेजारच्या चौकटी घेतल्यात, त्या जोडाव्या लागतील. पहिल्या प्रयत्नात जोडत बसू नकोस, एकच चौकट घे आणि तिचे तीन रंग कर : गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. मूळ फोटोत रंग हेच दिलेत. या फायली फिट्स नावाच्या प्रकारच्या असतात, त्यासाठी फिट्स लिबरेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून तिन्ही फायली काळ्या-पांढऱ्या टिफमध्ये काढ आणि गिंप या फोटो-एडिटरमध्ये तीन चॅनेलला लाव. पहिला फोटो हिरवागार येईल कारण हायड्रोजनचा प्रकाश बाकी दोघांपेक्षा खूप जास्त आहे, हिरवा चॅनेल खाली आण आणि लाल-निळा वर ने, मग खांब दिसायला लागतील.

प्रश्न : फाइल उतरवली, डीएस९ या फिट्स बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर सगळं काळं. मध्येच चार-दोन पांढरे ठिपके आणि बारीक रेघा. फाइल खराब आलीय का? (हा प्रश्न सांगली, कल्याण, मडगाव आणि पार ह्यूस्टनहूनही आलाय.)

फाइल अगदी ठणठणीत आहे. फिट्स हा फोटोचा नुसता प्रकार नाहीये, १९८१ पासून खगोलशास्त्रज्ञ याच फॉरमॅटमध्ये आकडे एकमेकांना देतायत आणि तो इतका टिकाऊ ठरलाय की व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली जुनी हस्तलिखितं स्कॅन करून त्यातच जपायला घेतली. त्यात प्रत्येक पिक्सेलला प्रत्यक्ष मोजलेला आकडा असतो. एखाद्या तेजस्वी ताऱ्याचा आकडा काही हजारात आणि तेजोमेघाचा जेमतेम अपूर्णांकात, म्हणून सॉफ्टवेअरने सर्वात लहान ते सर्वात मोठा असा सरळ पट्टा लावला की मेघ बिचारा पूर्ण काळ्यात जातो. डीएस९ मध्ये स्केल मेनूत जाऊन आधी झेडस्केल करा, मग लॉग करून बघा. माझं मत विचाराल तर तेजोमेघाला लॉगपेक्षा ए-साइनएच जास्त चांगलं, ताऱ्यांचे गाभे फुटत नाहीत आणि पुसट भागही वर येतो.

दुसरं, एका फिट्सच्या आत बरेच कप्पे असतात. हबलच्या फाइलला पहिल्या कप्प्यात बहुतेक वेळा चित्रच नसतं, नुसता हेडर, म्हणजे माहितीच्या ओळी असतात, चित्र एससीआय नावाच्या कप्प्यात, एफएलटी-एफएलसीत त्यातली अनिश्चितता ईआरआर मध्ये, आणि कोणता पिक्सेल भरवशाचा नाही ते डीक्यू मध्ये. पायथनमधून उघडणाऱ्यांना शून्य नंबरचा कप्पा रिकामा दिसतो आणि धक्का बसतो, एक नंबरचा बघा.

आणि हेडर वाचायची सवय लावून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळी असतात, कंटाळवाण्या दिसतात, पण सगळी हकीकत तिथे आहे. टार्गनेम म्हणजे काय बघत होते, एक्सपीटाइम म्हणजे किती सेकंद, फिल्टर कुठला, डेट-ऑब्स म्हणजे तारीख. वेळ जागतिक असते, आपल्याकडची हवी तर साडेपाच तास मिळवा. एसीएस कॅमेऱ्यात फिल्टरची दोन चाकं आहेत म्हणून तिथे फिल्टर१ आणि फिल्टर२ अशा दोन ओळी येतात, त्यातल्या एकीत क्लिअर लिहिलेलं असेल तर ती सोडून दुसरी बघायची.

आता रेघा. एफएलटी किंवा एफएलसी उघडली असेल तर छोट्या छोट्या तुटक रेघा आणि टिंबं म्हणजे कॉस्मिक किरण, चिपवर येऊन आदळलेले. डीआरसीत ते बरेचसे गेलेले असतात. चौकट आरपार कापणारी सरळ लांब रेघ दिसली तर बहुधा कृत्रिम उपग्रह. आणि थोडीशी वाकलेली, कमानीसारखी रेघ दिसली तर मात्र थांबा, तो लघुग्रह असू शकतो! हबल स्वतः साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फिरते, त्यामुळे जवळच्या लघुग्रहाची वाट तिला वाकडी दिसते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या हबल ॲस्टेरॉइड हंटर प्रकल्पात घरबसल्या हौशी लोकांनी अशाच कमानी शोधायला मदत केली, २००२ ते २०२१ मधल्या ३७,००० फोटोंतून १,७०१ रेघा मिळाल्या आणि त्यातल्या १,०३१ कुठल्याही माहीत असलेल्या लघुग्रहाशी जुळल्या नाहीत. म्हणजे ज्याला आपण फोटोतला कचरा म्हणून पुसून टाकतो त्यात हे होतं.

प्रश्न : आमच्याकडे कणकवलीजवळ नेट म्हणजे मोबाइलचं, दिवसाला दीड जीबी. निम्म्यात डाउनलोड तुटतं. मग आम्ही काय हे नुसतं वाचायचं का?

नाही हो दादा, बिलकूल नाही. आधी तोट्याचं सांगतो, वेबच्या मोठ्या मोझेकच्या, म्हणजे अनेक चौकटी जोडून केलेल्या चित्रांच्या, आय२डी फायलींच्या नादाला लागू नका, त्या एकेक जीबीत जातात. हबलचं एक एफएलसी सुद्धा दीडशे एमबीच्या पुढे असतं. कुठलीही मोठी फाइल घ्यायच्या आधी यादीतला छोटा प्रिव्ह्यू उघडून बघा, तो जेपीजी असतो, त्यावरून हवी ती चौकट आहे का कळतं. आणि बास्केटमधून एकदम झिप मागवण्याऐवजी डाउनलोड स्क्रिप्ट घ्या, ती फायली एकेक करून आणते, मध्ये नेट गेलं तर आधी आलेल्या फायली तरी हातात राहतात.

पण तुमच्या जागी मी असतो तर फोटोंचा नाद सध्या सोडून लाइट कर्व्ह, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो त्याचे आलेख, घेतले असते. टेस ही दुर्बीण १८ एप्रिल २०१८ ला गेली, ती आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे साधारण २७ दिवस टक लावून बघते आणि निवडक ताऱ्यांचा प्रकाश दर दोन मिनिटांनी मोजते. एका ताऱ्याची ही फाइल दोनेक एमबीची, व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या व्हिडिओपेक्षा लहान. टेसच्या डेटाला राखीव मुदत वगैरे काही नाही, आला की सगळ्यांचा.

डब्ल्यूएएसपी-१८ हा तारा घ्या. त्याच्याभोवती गुरूच्या दहापट वस्तुमानाचा ग्रह ०.९४ दिवसात एक फेरी मारतो, म्हणजे त्याचं वर्ष आपल्या दिवसापेक्षाही छोटं. ग्रह समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश साधारण एक टक्का कमी होतो. पायथन येत असेल तर लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज टाका, ते ताऱ्याच्या नावावरून मास्टमधला डेटा स्वतःच शोधून आणतं. आलेख काढला की वर एक जाड आडवी रेघ आणि तिच्यातून जवळपास रोज एक असे खाली लोंबणारे दात दिसतील, मधोमध एक मोकळी जागा दिसेल, तेव्हा टेस डेटा पृथ्वीकडे पाठवत होती. दोन दातांमधलं अंतर मोजा, ०.९४ येतं का बघा. दुसऱ्या सूर्याभोवतीच्या ग्रहाचं वर्ष तुम्ही कणकवलीजवळ बसून मोजलेलं असेल आणि डेटा पॅक संपलेलाही नसेल.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो, अकोल्याला. वेबचे काही फोटो शोधले तर कुलपाचं चिन्ह येतं. मुलांना सांगितलं होतं की सगळं खुलं आहे. मग हे काय? आणि लॉगिन न करता डेटा घेणं कायद्याने चालतं ना?

सर, मुलांना सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त त्याला थोडी मुदत असते. ज्या शास्त्रज्ञांनी प्रस्ताव लिहून, मोठ्या स्पर्धेतून दुर्बिणीचा वेळ मिळवला त्यांना आपल्या डेटावर काम करायला राखीव काळ देतात, वेबला साधारणपणे एक वर्ष, हबलला हल्ली सहा महिने. ते कुलूप त्याचं. मुदत संपली की ते आपोआप निघतं. खुला डेटा घ्यायला अकाउंट लागत नाही, पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. कुठे छापलात तर दुर्बिणीचा आणि मास्टचा उल्लेख मात्र करा.

वर्गासाठी कुलूप नसलेलंच हवं असेल तर १२ जुलै २०२२ ला जाहीर झालेले वेबचे पहिले फोटो घ्या, त्यांना राखीव मुदत नव्हतीच. वेबच्या फाइलचं नाव जेडब्ल्यू पासून सुरू होतं आणि पुढचे पाच आकडे प्रोग्रॅमचा नंबर असतो : ०२७३६ म्हणजे त्या दीर्घिकांच्या गर्दीचा पहिला फोटो, ०२७३१ म्हणजे कॅरिना तेजोमेघातले डोंगरकड्यांसारखे ढग, ०२७३२ म्हणजे स्टीफनची पाच दीर्घिकांची जोडणी.

मुलांना अजून एक गोष्ट जरूर सांगा. डिसेंबर १९९५ मध्ये हबलला दहा दिवस आकाशाच्या एका जवळपास रिकाम्या तुकड्याकडे रोखून ठेवलं होतं, तीच हबल डीप फील्ड. तो वेळ तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अधिकारातला दिला होता, आणि तो डेटा स्वतःच्या टीमसाठी न अडवता काही आठवड्यांतच जगाला मोकळा केला. मला स्वतःला हा निर्णय त्या फोटोइतकाच मोठा वाटतो, कारण त्यानंतर मोठमोठ्या प्रकल्पांचा डेटा लगेच खुला करायची पद्धत खगोलशास्त्रात रुजत गेली.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनियर, वय ७१, ठाणे. प्रामाणिक शंका आहे. इतक्या जुन्या डेटातून तज्ज्ञांनी सगळं काढून घेतलं असणार, आपल्यासाठी काय उरलंय?

काका, एचआर ८७९९ या ताऱ्याची हकीकत ऐका. त्याच्याभोवतीच्या तीन ग्रहांचा प्रत्यक्ष फोटो २००८ मध्ये जमिनीवरच्या केक आणि जेमिनी दुर्बिणींनी काढला, मोठी बातमी झाली. हबलने मात्र त्याच ताऱ्याचे फोटो १९९८ लाच घेऊन ठेवले होते, निकमॉस कॅमेऱ्याने, आणि तेव्हा त्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. २००९ मध्ये डाव्हिड लाफ्रेनियेर यांनी ताऱ्याचा झगझगाट वजा करायची नवी रीत त्याच जुन्या फाइलवर लावली आणि सगळ्यात बाहेरचा ग्रह तिथेच बसलेला सापडला, २०११ मध्ये रेमी सुमेर यांच्या टीमने आणखी सुधारून आतले ग्रहही काढले. इतक्या सावकाश फिरणाऱ्या ग्रहांची कक्षा ठरवायला दहा वर्षं आधीची जागा मिळणं म्हणजे केवढी गोष्ट, आणि तीही दुर्बीण पुन्हा न वळवता.

केप्लर दुर्बिणीचंही तसंच. केआयसी ८४६२८५२ या ताऱ्याचा प्रकाश मध्येच वीस टक्क्यांहून जास्त घटतो हे प्लॅनेट हंटर्स या ग्रह शोधायच्या लोकप्रकल्पातल्या हौशी लोकांच्या नजरेला आलं, कॉम्प्युटर नियमित अंतराने येणारे ग्रह शोधत होता आणि हे दात अनियमित होते.

एक कामाची गोष्ट, हबलचे जे कॅमेरे अजून चालू आहेत त्यांचं कॅलिब्रेशन सुधारलं की मास्ट जुन्या फायली पुन्हा प्रोसेस करतं, म्हणून पाच वर्षांपूर्वी घेतलेली फाइल आणि आज घेतलेली तीच फाइल सारखी असेलच असं नाही. कधी उतरवली ती तारीख लिहून ठेवा. आणि १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती करायच्या आधीचे हबलचे फोटो आरशाच्या दोषामुळे धूसर आहेत, ते बघून तुमच्या सॉफ्टवेअरला दोष देऊ नका.

प्रश्न : सगळं अमेरिकेचंच सांगताय. आपल्या ॲस्ट्रोसॅटचा डेटा मिळतो का? (पुणे, जळगाव)

मिळतो, आणि तो मागायलाच हवा. ॲस्ट्रोसॅट हा इस्रोचा खगोल उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने गेला, त्याचा डेटा बंगळुरूजवळ ब्यालाळूच्या इस्रोच्या केंद्रात, आयएसएसडीसीत, ठेवलेला असतो. सप्टेंबर २०१८ पासून तो लोकांसाठी खुला करायला सुरुवात झाली. वेबसाइटवर ॲस्ट्रोब्राउझ नावाचं पान आहे, तिथे मास्टसारखं थेट होत नाही, आधी नाव नोंदवून लॉगिन करावं लागतं, मग ताऱ्याचं नाव किंवा आकाशातली जागा टाकून शोधायचं. नवख्याने लेव्हल २ घ्यावं, लेव्हल १ कच्चं असतं.

ॲस्ट्रोसॅटवर पाच उपकरणं आहेत, फोटो हवे असतील तर यूव्हीआयटी निवडा, ती अतिनील प्रकाशाची जुळी दुर्बीण आहे. तिचा जवळच्या अतिनीलचा भाग २०१८ मध्ये बंद पडला, त्यानंतरच्या निरीक्षणात तो शोधू नका, दूरच्या अतिनीलचं घ्या. डेटा कसा वापरायचा यात अडलात तर पुण्यात आयुकामध्ये ॲस्ट्रोसॅटचा सायन्स सपोर्ट सेल आहे.

यूव्हीआयटीची ताकद बघायची तर आयुकाच्या कनक साहा यांच्या टीमने २०२० मध्ये जाहीर केलेली एयूडीएफएस०१ ही दीर्घिका बघा, ९.३ अब्ज प्रकाशवर्षं लांबची. तिचा अतिनील प्रकाश ॲस्ट्रोसॅटने २०१६ च्या ऑक्टोबरात टिपला होता आणि जागा होती हबलच्या एक्स्ट्रीम डीप फील्डमधली, म्हणजे एकीकडे आपला डेटा आणि शेजारी हबलचा खुला डेटा ठेवून हे काम झालं. आठवीनववीच्या पुस्तकात हे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : पोर्टलवर ज्युपिटर टाकलं तर धड काही येत नाही. हबलने गुरूचे इतके फोटो काढलेत ना? (इयत्ता ११वी, बार्शी)

काढलेत रे, पण नावावरून शोधताना पोर्टल आधी त्या नावाची आकाशातली जागा काढतं आणि मग तिथला डेटा देतं, आणि गुरू एका जागी थांबतो कुठे! ॲडव्हान्स्ड सर्च उघड आणि टार्गेट नेमच्या रकान्यात नाव टाक, मागेपुढे चांदणीचं चिन्ह (*) लावलंस तर ज्युपिटर-अमुक, ज्युपिटर-तमुक असली सगळी नावं येतील.

त्याहून सोपं म्हणजे ओपल. ॲमी सायमन यांच्या या प्रकल्पात हबल बाहेरच्या मोठ्या ग्रहांकडे दरवर्षी बघते, गुरूचं काम २०१५ पासून आहे. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, म्हणून दोन पूर्ण फेऱ्या टिपून त्याचा अख्खा सपाट नकाशा बनवतात आणि हे तयार नकाशे मास्टवर ठेवलेत. त्यात तांबड्या डागाची रुंदी रेखांशाच्या अंशात थेट मोजता येते. २०१५ चा आणि अलीकडचा नकाशा उतरव, डाग किती आकसलाय ते मोजून आम्हाला कळव. दोन्ही नकाशे एकाच फिल्टरचे घे, फिल्टरचं नाव फाइलच्या नावातच असतं.